पापणी लवली की देव जातो

बंद पडलेल्या छापखान्यासमोर सकाळी आठलाच रांग लागायची. चालू असताना त्या छापखान्यात चार गिऱ्हाइकं कधी एकत्र दिसली नव्हती. आता रांगेचं शेपूट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचत होतं. कारण आत देव दिसत होता. आणि एकच एक देव नाही, ज्याचा त्याला.

नवल म्हणायचं ते हेच. आजवर जे कुणी चमत्कारी पुरुष आले ते आपापल्या देवाचे एजंट म्हणून आले. हे महाराज सगळ्या देवांचा घाऊक व्यापार करणारे निघाले. नर्सबाईंच्या धर्मात देव माणूस होऊन आला आणि माणसांसाठी यातना सोसून गेला. त्यांना आत रक्ताळलेल्या कपाळाचा एक शांत चेहरा दिसला. बेकरीवाल्याच्या घरात प्रत्येक कामाला वेगळा देव. त्याला तीन तोंडांची देवी दिसली आणि तिन्ही तोंडं त्याच्याकडेच बघत होती. गणिताच्या निवृत्त सरांच्या धर्मात जग घडवणारा देवच नाही, माणसाने स्वतः जागं व्हायचं एवढंच आहे. काय दिसलं ते सरांनी कुणाला सांगितलं नाही. "ते माझं मी बघून घेईन," एवढंच म्हणाले आणि लाल झाले.

महाराजांचं बोलणं मधात घोळलेलं. दारातच ते प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचे. "आत आरसा आहे. त्यात आधी तू दिसशील. तू म्हणजे तुझा अहंकार. बघत राहा. पापणी लववू नकोस, पापणी लवली की देव जातो. हळूहळू तू विरघळशील. तू गेलास की मागे जो उरेल, तो तुझा देव."

देव दिसला तर महाराजांची कृपा. भेसूर काही दिसलं तर बघणाऱ्याचं पाप. काहीच दिसलं नाही तर? "धन्य आहेस, तुझा देव निराकार!" छापा पडला तर मी जिंकलो, काटा पडला तर तू हरलास. असा खेळ मांडणारा आजवर कधी हरल्याचं ऐकिवात नाही.

दाराशी एक टोपली होती. तिच्यात चष्मे काढून ठेवायचे. देवाला बघायला नंबर लागत नाही, असं महाराज म्हणत. त्या टोपलीतले निम्मेअधिक चष्मे समोरच्या चष्मेवाल्याने बनवलेले होते. काचेवर काच घासली तर ओरखडा पडतो, हे त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी असा ढीग केला असता तर त्याने भर रस्त्यात त्याची खरडपट्टी काढली असती. पण इथे त्याने गुपचूप स्वतःचा चष्माही त्या ढिगावर ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याला देव नव्हता बघायचा. देवांचं खातं त्याने लग्नापासून बायकोकडे दिलं होतं. ती फळीवर ओळीने देव मांडायची, आणि तो म्हणायचा, "माझ्याही वाटचं सांग गं." चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. फळीवर आता धूळ होती. लांबच्या शहरातून लेक आठवड्याला फोन करायची. "अप्पा, जेवलात ना?" तो म्हणायचा, "जेवलो." मग दोघंही फोन ठेवायची. संपूर्ण आठवड्यातलं त्याचं कामाव्यतिरिक्तचं बोलणं एवढंच. नाही म्हणायला संध्याकाळी शेजारच्या शिंप्याकडे बुद्धिबळ असायचं.

सगळे जातात म्हणून तोही एकदा छापखान्यात गेला. खोलीत काळे पडदे होते, आणि पाठीमागे जमिनीवर झाकलेला एक मिणमिणता दिवा. समोर माणसाएवढा आरसा. तो स्टुलावर बसला, पापण्या ताणून धरल्या. आधी त्याचं स्वतःचं तोंड दिसलं, तेही धूसर. मग गाल पुसट झाले, कपाळ गेलं, डोळ्यांच्या जागी सावल्या राहिल्या. आणि त्या सावल्यांतून बायको त्याच्याकडे बघू लागली.

तो हुंदका देऊन उठला तेव्हा महाराज दाराशी उभेच होते. "कोण आलं?"

"आमची ही," तो कसाबसा म्हणाला.

"ज्याच्यावर प्रेम तोच देव," महाराज म्हणाले. कोणत्याही कुलपाला चालेल अशी किल्ली त्यांच्या खिशात तयारच असायची.

त्यानंतर तो दिवसाआड जाऊ लागला. दुकानात तो शीळ घालतो आहे, असं गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं. आणि सुखी माणसाला जी खोड लागते ती त्यालाही लागली. आपल्याला मिळालं ते दुसऱ्यालाही मिळावं म्हणून तो शिंप्याच्या मागे लागला.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्या धर्मात देव एकच आणि त्याला रूप नाही. चित्र नाही, मूर्ती नाही. चाळीस वर्षांच्या बुद्धिबळात या विषयावर दोघांची पुरेपूर थट्टा झाली होती. चष्मेवाला म्हणायचा, "मास्तर, तुझा देव दिसत नाही आणि तुझा उंटही दिसत नाही, मी मारला." शिंपी म्हणायचा, "तुझे देव एवढे, पण डाव तुला एकही शिकवत नाही." कधी कुणाला लागलं नाही. अशा मैत्रीपायीच शिंपी एकदाचा, "बरं बाबा, चल" म्हणून आत जाऊन बसला.

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "एक म्हातारा दिसला," एवढंच तो पुटपुटला. महाराजांना दिसला फक्त मासा गळाला लागलेला. "ज्याचा देव अरूप, त्यालाही रूप दिसलं!" त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. पंधरा दिवसांनी रविवारी छापखान्याच्या अंगणात मोठी सभा, त्यात प्रत्येक धर्माचा एकेक जण साक्ष देणार, आणि शेवटी मास्तर.

त्या दिवसापासून शिंपी बुद्धिबळाला आला नाही. अकरा दिवस झाले. चष्मेवाल्याला दिवसाआडची भेट पुरत होती म्हणून की काय, मित्र येत नाही हे त्याच्या उशिराच लक्षात आलं. बुधवारी दुपारी तो शिंप्याच्या दुकानात गेला.

शिवण्याचं मशीन बंद होतं. गिऱ्हाईक कपडे घालून बघतं तो कोपऱ्यातला उंच आरसा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"काय रे मास्तर, आरशाला कसली शिक्षा?"

शिंप्याच्या ओठांत टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"तो इथेही आला."

"कोण?"

"तोच. म्हातारा. लांब तोंडाचा." शिंप्याने आवाज खाली आणला. "काल दिवे लावायच्या आधी वकिलाचा कोट अंगावर घालून खांदा बघत होतो. एक टाचणी तिरकी गेली होती, ती धरून मी तसाच उभा. किती वेळ ते कळलं नाही. आणि आरशात मी नाहीच. तो."

"अरे मग घाबरायचं काय त्यात?"

एवढ्या वर्षांत शिंपी असा कधी बोलला नव्हता.

"लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, देव कसा दिसतो. ते म्हणाले, दिसतं ते सगळं त्याने केलेलं. तो त्यात नाही. साठ वर्षं मी त्याच्याशी बोललो. समोर काही नसायचं, म्हणून तर काहीही बोलता यायचं. बायकोला नाही सांगितलं ते त्याला सांगितलं. आता डोळे मिटले की तो म्हातारा समोर येतो. मी कुणाशी बोलू, सांग ना? प्रार्थनेला जाणं बंद केलंय मी. आणि रविवारी उभा राहून सांगितलं, की पुन्हा तिथे पाऊल टाकायला तोंड उरणार नाही."

"मग सांगू नकोस."

"पाहिलंय ते नाही पाहिलं कसं म्हणू? खोटं बोलू?"

चष्मेवाला उठला. आपण या माणसाला हात धरून नेलं, आणि ज्याच्याशी तो मनातलं बोलायचा तो त्याचा देवच घालवून बसलो, हे त्याला टोचत होतं. पण आपल्या दुकानाकडे वळताना डोक्यात दुसरीच एक गोष्ट कुरतडू लागली. महाराजांचा आरसा दिव्य, त्यात देव येतो, ठीक. शिंप्याचा आरसा? तो तर कपाटाच्या दुकानातून आणताना चष्मेवाल्यानेच एका बाजूने धरला होता.

दुकानाच्या मागे त्याची डोळे तपासायची खोली होती. खिडकी नाही, लांबी दहा फूट. अक्षरांचा तक्ता वीस फुटांवर हवा, म्हणून अशा खोलीत एक युक्ती करतात. तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागे लावायचा, उलट्या अक्षरांचा, आणि समोर आरसा. अंतर आपोआप दुप्पट होतं. म्हणजे तीस वर्षं आरसा त्याच्याच दुकानात होता.

त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. तक्त्याचा दिवा बंद केला, टेबलदिवा जमिनीवर ठेवून त्यावर फडकं टाकलं, आणि चष्मा काढून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. भर दुपारी. बाहेर भाजीची गाडी चालल्याचं ऐकू येत होतं.

काही मिनिटांनी ती आली.

त्याला आनंद झाला, अगदी खरा आनंद. छापखान्यापेक्षाही स्पष्ट दिसत होती. पण आता त्याच्यातला चष्मेवालाही खुर्चीत येऊन बसला होता. त्याने मुद्दाम पापणी लववली. ती गेली. थांबला, पुन्हा आली. मान जराशी हलवली, गेली. त्याला आपलंच रोजचं वाक्य आठवलं. डोळे तपासताना तो प्रत्येकाला म्हणायचा, "टक लावू नका, पापण्या उघडमीट करा, नाहीतर अक्षरं पुसतील." पुसतातच ती. डोळ्याला सतत बदल लागतो. मंद उजेडात एकाच जागी खिळवलं, की जे हलत नाही त्याची खबर पुढे नीट पोचत नाही. चेहऱ्याचे तुकडे गळू लागतात. मग मेंदू गप्प बसत नाही. रिकाम्या जागी आपल्या साठ्यातला एखादा चेहरा आणून बसवतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे, इथे फक्त झोपायची गरज नव्हती.

एवढं कळूनही तो उठला नाही, हे सांगितलंच पाहिजे. महाराजांची रांग नको, टोपली नको, घरबसल्या बायको भेटते आहे, कोण उठेल? गुरुवारी त्याने दुकान दोनदा बंद ठेवलं. शुक्रवारी तर एका बाईला तपासायचं सोडून परत पाठवलं.

शनिवारी तो तिच्याशी बोलला.

"अगं, मास्तरचं काय करू? गप्प बसू? मी गप्प बसलो तर तू राहशील."

ती हसली. गोड हसली.

"का सांगून टाकू सगळ्यांना?"

ती तशीच हसली.

चौतीस वर्षांच्या संसारात त्याच्या पहिल्या बोलण्याला ती कधी हो म्हणाली नव्हती. फळीला खिळा ठोकायचा तरी ती म्हणायची, "तिथे नको, इकडे. तुम्हाला डोळ्यांचं कळतं, भिंतीचं कळत नाही." आणि ही दोन्ही गोष्टींना हो म्हणत होती. त्याने पापणी लववली. आरशात एक म्हातारा बसला होता, आणि त्याच्या तोंडावर तेच हसू होतं. दोन महिने तो स्वतःशीच हसत आला होता.

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. साक्षी सुरू झाल्या. नर्सबाई बोलल्या, बेकरीवाला बोलला, लोकांनी हात जोडले. शिंपी शेवटच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याचं नाव पुकारलं आणि चष्मेवाला उभा राहिला.

"मास्तर बोलायच्या आधी माझी एक विनंती. मास्तरांचा आरसा मी हातगाडीवर घालून आणलाय, कपडे घालून बघायचा. तो छापखान्याच्या कागद ठेवायच्या अंधाऱ्या कोठीत लावतो. दिवा पाठीमागे, चष्मा काढायचा, पापणी लववायची नाही. महाराजांचेच नियम. कुणीतरी बसा."

"दर्शन म्हणजे खेळ नाही," महाराज म्हणाले. पण नर्सबाई उठल्याही होत्या. तीस वर्षं रुग्णालयात काढलेली बाई, तिला थांब म्हणायची कुणाची छाती नव्हती. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या.

"तेच दिसले," त्या म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "अशी कपाळं मी हजारो धुतली आहेत, हे मला आत बसल्यावर आठवलं."

नंतर गणिताचे सर गेले. पाच मिनिटांत तरातरा बाहेर. "इथेही सासूबाईच!" ते ओरडले. "माझ्या धर्मात देव नाही म्हटलं तर महाराज म्हणाले, मग शून्य दिसेल. शून्य कसलं, सासूबाई! लाजेपोटी बोललो नाही."

अंगण हसलं. एकदा हसू फुटलं, की जोडलेले हात सुटतात.

महाराज मात्र मुरलेले. "मी जिथे असतो तिथला प्रत्येक आरसा पवित्र होतो," ते शांतपणे म्हणाले.

"महाराज," खुर्चीतून शिंपी बोलला. "मंगळवारी माझ्या दुकानात तुम्ही नव्हता."

"आणि आता उलटं करू," चष्मेवाला म्हणाला. "महाराजांच्या खोलीतले पडदे काढा. दिवा लावा, चष्मे घाला, पापण्या लववा. आरसा त्यांचाच."

लोक आत घुसले. पडदे निघाले. प्रत्येकाला आपापलं तोंड दिसलं, बहुतेकांना दाढी करायला हवी होती. बेकरीवाल्याने आरशाच्या कडेला बोट लावलं. तिथे बिजागरीची भोकं होती. दिव्य दर्पण म्हणजे कुणाच्या तरी कपाटाचं दार होतं. महाराज केव्हा निघून गेले, ते कुणी पाहिलं नाही.

चष्मेवाल्याने डोळ्याची आणि मेंदूची सगळी गोष्ट अंगणात उभं राहून समजावली. तो बोलत असताना एक बाई गर्दीतून पुढे आली. तिला कुणी फारसं ओळखत नव्हतं. रांगेत मात्र ती रोज असायची.

"मला माझा मुलगा दिसत होता," ती म्हणाली. "तेवढाच. ते मोडून तुम्हाला काय मिळालं हो?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला.

"ताई, मला माझी बायको दिसत होती," तो म्हणाला. "तुमचा मुलगा कधी तुमच्याशी भांडायचा का?"

"रोज," ती म्हणाली.

"आरशातला भांडला?"

ती तोंडाला पदर लावून निघून गेली. तिला पटलं की नाही, ते त्याला कधीच कळलं नाही.

"देव आहे की नाही, हे मी सांगत नाही," तो बाकीच्यांना म्हणाला. "ते मला कळत नाही. कुणाचा देव माणूस होऊन आला, कुणाचे अनेक, कुणाला लागतच नाही. त्यावर माणसं हजारो वर्षं विचार करताहेत, तुम्हीही करा. पण कपाटाच्या दारात दहा मिनिटांत जे दिसतं ते त्याचं उत्तर नाही. ते आपलंच आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात ना? आज घरी जा आणि स्वतः करून बघा."

परतताना दोघांनी हातगाडी ढकलली. आरसा आकाशाकडे तोंड करून होता आणि शिंपी अधूनमधून न घाबरता त्यात डोकावत होता.

"मी ज्याला मानतो तो आरशात मावायचाच नाही," तो म्हणाला. "मला हे आधीच कळायला हवं होतं. आज जातो मी प्रार्थनेला. अकरा... नाही, पंधरा दिवसांचं बोलायचं राहिलंय."

"जा. आणि बुद्धिबळ?"

"उद्या."

शिंपी घाईघाईने गेला. त्याला जायला जागा होती.

चष्मेवाल्याने दुकान उघडलं. जाड कागद घेतला, काळी शाई घेतली आणि उलट्या अक्षरांत लिहायला बसला. असं लिहिणं त्याच्या सरावाचं होतं. लिहून झाल्यावर त्याने तो कागद तपासणीच्या खोलीत तक्त्याच्या खाली टांगला. नीट वाचता येतं का हे बघायला तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. लिहिताना कपाळावर सरकवलेला चष्मा अजून तिथेच होता. समोर एक धूसर चेहरा होता, आणि खोलीत कुणाचाच आवाज नव्हता. तो क्षणभर तसाच बसला.

मग त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, दिवा लावला. आरशात त्याचं तोंड होतं, आणि त्याच्याच खांद्यावरून अक्षरं सुलट दिसत होती. त्याने ती मोठ्याने वाचली, गिऱ्हाइकाला वाचायला लावतो तशी:

"अंधारात टक लावली की हवं ते दिसतं. दिवा लावा. पापणी लववा. मग जे उरेल त्यावर विश्वास ठेवा."

शेवटची ओळ त्याने पुन्हा वाचली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे अक्षरं हलत होती. त्याने पापण्या उघडमीट केल्या आणि ती स्थिर झाली.